होडी कलली होती

पनवेल, जुलैअखेर

चि. बाय,


परवा फोनवर रडकुंडीला आली होतीस. चित्रांचं पुस्तक दहा मिनिटांत वाचून संपलं, मुलांना प्रश्न विचारले तर सगळी गप्प, आता तासाभराच्या ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ कुठून आणू? फोनवर हे सांगून होत नाही, म्हणून पत्र.

आधी माझीच एक फजिती ऐक. नोकरीचं पहिलं वर्ष, खाडीकाठची शाळा. मी चित्र वर धरायचे आणि विचारायचे, “हे काय आहे?” मुलं एका सुरात ओरडायची, “होडीऽऽ!” “हे काय आहे?” “सूर्यऽऽ!” मला वाटायचं, काय छान शिकवतेय मी. एक दिवस मागचा एक पोरगा उठून पुढे आला, चित्रातल्या होडीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, “बाई, सुकती हाय. होरी चिखलान बसलीय.” मी काय करावं? म्हटलं, “सुकती नाही रे, ओहोटी म्हणावं. आणि हाय नाही, आहे.” पोरगा जागेवर जाऊन बसला तो दिवाळीपर्यंत वर्गात बोलला नाही. घरी येऊन मी चित्र पुन्हा बघितलं. होडी खरंच एका अंगावर कलली होती. चित्रकाराने ओहोटी काढली होती आणि ती आख्ख्या वर्गात त्या एकट्याने वाचली होती.

तेव्हा “हे काय आहे?” हा प्रश्न टाकून दे. तो परीक्षेचा प्रश्न आहे, आणि बाईंना उत्तर माहीत आहे हे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. “काय चाललंय इथे?” एवढंच विचार आणि गप्प बस. मनात दहापर्यंत मोज. सहा-सातला तुझा जीव कासावीस होईल, पण तोंड उघडू नकोस. आठ-नवाला कुणीतरी बोलतं.

तुझ्या वर्गातली न्हावा गावची मुलं आगरी बोलतील. ट्रेलरवर ड्रायव्हर असलेल्याचं पोर भोजपुरीत सांगेल. जे येईल ते फळ्यावर लिही, जसंच्या तसं. ‘ओहोटी’ हा शब्द खाली नंतर लिहिता येतो. होरीही राहू दे, होडीही राहू दे.

एक पुस्तक आठवडाभर पुरव. पहिल्या दिवशी मजकुरावर कागदाची पट्टी लाव आणि नुसती चित्रं दाखव. गोष्ट मुलांनीच जुळवायची. मग पट्टी काढून वाच. आपली गोष्ट बरोबर निघाली की नाही हे ऐकायला ती कान टवकारून बसतात. वाचताना पुस्तक मांडीवर नको, गालाशेजारी धर, आणि पान उलटण्याआधी थांब. तिसऱ्या दिवशी त्यातलं एखादं पान करून बघा. टोपली म्हणजे टोपली, जाळं म्हणजे खरं फाटकं जाळं. रंगवायला झेरॉक्स मात्र वाटू नकोस. पंचवीस मुलांचे पंचवीस एकसारखे पोपट ग्रुपवर फोटो टाकायला बरे दिसतात, बाकी त्यांचा उपयोग नाही. आणि तात्पर्य विचारलंस तर माझ्याशी गाठ आहे!

माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ आणि ‘राधाचं घर’चा संच, दोन्ही ज्योत्स्ना प्रकाशनाची, तुझ्या शाळेसाठी घेऊन ठेवली आहेत. ‘राधाचं घर’ वाचून झालं की प्रत्येकाला आपल्या घरातल्या एकाच माणसाबद्दल बोलू दे. कुणाची आजी मावरा विकते, कुणाचा बाबा बंदरात रात्रपाळीला जातो. पुस्तकातल्या घरासारखं आपलं घर नाही, असं एखाद्या पोराला वाटायला नको.

साहित्य नाही म्हणून कुरकुरू नकोस. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं. माँटेसरीची महागडी साधनं आणायची कुठून? मग त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपल्या, खडे, पानं, बिया हीच साधनं केली. मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळाच पाड्यावर नेली. तुझ्या दाराशी तर खाडी आहे. निवटे, चिंबोऱ्या, पलीकडे घारापुरी, वरून गेलेला अटल सेतू, क्रेनच्या उंच माना. एवढी मोठी चित्रं कुठल्या पुस्तकात आहेत?

आणि एक काम जरूर कर. तुमच्याकडच्या बंदरासाठी शेवा गाव उठलं. 1989 साली बंदर सुरू झालं. आज जगभरच्या कागदांवर ‘न्हावा शेवा’ छापलेलं असतं, पण जुनं शेवा बघायला मिळत नाही. तिथले कोळी हनुमान कोळीवाड्यात गेले. तिथली एखादी आजी वर्गात बोलाव. विहीर कुठे होती, होड्या कुठे लागायच्या, मासळी कुठे सुकायची, तिला सांगू दे आणि मुलांना काढू दे. ती सांगेल तेच शब्द प्रत्येक चित्राखाली तू लिही. आठ-दहा कागद, सुई-दोरा, वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. झालं पुस्तक. आजीला पहिल्यांदा वाचून दाखवायचं ते मुलांनी, तू नाही.

नारळी पौर्णिमेला येशील तेव्हा ते पुस्तक पिशवीत घालून आण. एकाही चित्रातली होडी सरळ करून घेऊ नकोस. नारळाच्या करंज्या करून ठेवते.

तुझी,
आत्या