अंथरुणातले दोन आठवडे

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतला एक कॅडेट भिलाई-३ हून उशिरा परतला. वडील तिथल्या रेल्वे यार्डात कामाला, घर चरोद्याच्या रेल्वे वसाहतीत. सुट्टीत त्याला टायफॉइड झाला आणि सोळा दिवस तो अंथरुणात होता. ताप उतरला, शाळेत जायला हरकत नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले, आणि आल्याच्या दुसऱ्या सकाळी तो स्वतःहून पी.टी.ला उभा राहिला. सुट्टीपूर्वी हाउसमध्ये पहिल्या पाचांत धावणारा हा मुलगा दुसऱ्याच फेरीत मागे पडला. तिसऱ्या फेरीत त्याचे पाय थरथरू लागले आणि तो थांबला. मी कडेला उभा होतो. "घरचं तूप अंगावर आलेलं दिसतंय," असे मी मोठ्याने म्हणालो. मुले हसली, तोही हसला. संध्याकाळी मात्र तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, मी जोर लावत होतो. पायच ऐकत नव्हते."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी मी पुढचे काही आठवडे वाचन केले. त्यातले कॅडेट, उस्ताद आणि पालक या तिघांच्याही उपयोगी पडेल ते इथे देत आहे.

आपल्या हाडांना जोडलेले आणि आपल्या इच्छेने हलणारे जे स्नायू, त्यांचे वजन तरुण पुरुषाच्या शरीरात एकूण वजनाच्या सुमारे ४० टक्के असते. एकदा बांधून झाली की तशीच उभी राहणारी भिंत, अशी स्नायूची कल्पना आपण करतो. प्रत्यक्षात ती भिंत रोज थोडी पाडली जाते आणि रोज थोडी बांधली जाते. स्नायूतली जुनी प्रथिने मोडतात, त्यांतून अमिनो आम्ले सुटतात, आणि नव्या अमिनो आम्लांपासून नवी प्रथिने तयार होतात. चालणे, उभे राहणे, ओझे उचलणे हा बांधकामाला मिळणारा हुकूम. निरोगी माणूस केवळ पडून राहिला, तर पाडकाम फारसे वाढत नाही, बांधकाम मंदावते. त्या काळात खाल्लेली प्रथिनेसुद्धा स्नायू पूर्वीसारखी वापरत नाहीत.

तापात किंवा मोठ्या आजारात गोष्ट आणखी बिघडते. जंतूंशी लढायला यकृताला आणि रोगप्रतिकारक पेशींना कच्चा माल हवा असतो. जेवण जात नसते. मग शरीर स्वतःच्या कोठारात हात घालते, आणि अमिनो आम्लांचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. म्हणून आजारी माणसाच्या स्नायूंत बांधकाम थांबलेले आणि पाडकाम वाढलेले, अशी दुहेरी मार असते.

हे पाडकाम अंदाधुंद होत नाही. रेल्वे यार्डात नादुरुस्त वाघिणीला 'सिक' ठरवतात, तिच्यावर तसे लेबल लावतात आणि मग ती सिक लाइनवर जाते. भिलाई-३ च्या मुलांना हे सांगायला नको. पेशीतही मोडायच्या प्रथिनावर युबिक्विटिन नावाच्या लहानशा प्रथिनाची खूण लावली जाते आणि खूण लागलेला माल पेशीतल्या मोडयंत्रात जातो. ही व्यवस्था शोधून काढणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. स्नायू झिजत असताना खुणा लावणारी दोन जनुके विशेष जोरात काम करतात, हे २००१ मध्ये उजेडात आले. तेव्हापासून त्यांना आवर घालणारे औषध शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण आजही हलणे आणि खाणे यांना पर्याय ठरेल अशी गोळी दुकानात मिळत नाही. जिममध्ये कोणी तसा डबा दाखवला तर तो परत द्यावा.

आता वेग पाहा. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात २४ निरोगी तरुणांचा एक पाय प्लास्टरमध्ये ठेवला. काहींचा ५ दिवस, काहींचा १४ दिवस. पाचच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार साडेतीन टक्क्यांनी घटला आणि ताकद ९ टक्क्यांनी. चौदा दिवसांत आकार सुमारे ८ टक्के, तर ताकद जवळजवळ २३ टक्के. हा दुसरा आकडा उस्तादांनी नीट पाहावा. ताकद आकारापेक्षा जास्त वेगाने जाते, कारण प्रश्न फक्त मांसाचा नसतो. मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत येणारा हुकूमही ढिला पडतो. अंगापिंडाने आधीसारखा दिसणारा मुलगा खरोखर एक चतुर्थांश ताकद गमावून मैदानावर उभा असू शकतो. नजरेला ते दिसत नाही. मला दिसले नाही.

हे झाले निरोगी तरुणांचे. लंडनमध्ये अतिदक्षता विभागातल्या ६३ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने मोजला गेला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दहा दिवसांत स्नायूचा छेद सुमारे १८ टक्क्यांनी घटला होता. आपला टायफॉइडचा कॅडेट काही अतिदक्षता विभागात नव्हता. तो या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी होता.

सगळे स्नायू सारखे झिजत नाहीत. उभे राहताना गुरुत्वाकर्षणाशी झुंजणारे पोटरी, मांडी आणि पाठीचे स्नायू आधी जातात, कारण एरवी दिवसभर काम करण्याची सवय त्यांनाच असते. हात मागाहून. त्यामुळे आजारातून उठलेला कॅडेट बीमवर बऱ्यापैकी चिन-अप काढतो आणि दोन किलोमीटर धावू शकत नाही. "हात चालतात, मग पाय का नाही?" हा आपला आवडता प्रश्न, त्याचे उत्तर हे आहे.

धावण्यात पायांबरोबर हृदयाचाही भाग आहे. अमेरिकेत डॅलस येथे १९६६ मध्ये वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात ठेवले होते. जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे माप त्या तीन आठवड्यांत एक चतुर्थांशाहून अधिक घसरले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. पन्नाशीत आल्यामुळे त्यांची जी घसरण झाली होती, ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या घसरणीपेक्षा कमी निघाली!

गुरुत्वाकर्षणाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दोन माजी कॅडेट अवकाशात जाऊन आले आणि दोघांच्याही कामात स्नायूंचा प्रश्न होता. राकेश शर्मा यांनी १९८४ मध्ये सोव्हिएत अवकाशस्थानकात योगासने केली. वजनरहित अवस्थेत शरीरावर आणि स्नायूंवर होणाऱ्या परिणामांना योगाने तोंड देता येते का, हे पाहायचे होते. ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर सुमारे १८ दिवस होते. त्यांच्याकडच्या भारतीय प्रयोगांपैकी एक बंगळुरूच्या 'इनस्टेम' संस्थेचा होता: वजनरहित अवस्थेत स्नायूंच्या पेशी नव्याने कशा घडतात आणि पोषक द्रव्यांनी त्यांना मदत होते का. अवकाशात पोटरीला उभे राहण्याचे काम उरत नाही, म्हणजे अंथरुणासारखीच स्थिती. स्थानकावर दीर्घकाळ राहणारे अंतराळवीर रोज दोन तासांच्या आसपास वेळ व्यायामासाठी राखतात, तो छंद म्हणून नव्हे.

लष्करातली याहून जवळची गोष्ट सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांची. ई.एम.ई.चा हा जवान मुष्टियोद्धा होता. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. इथे प्लास्टरपेक्षा वेगळी परिस्थिती असते, हे ध्यानात घ्या. प्लास्टरमधल्या पायाला हुकूम पोहोचतो, हालचाल करता येत नाही एवढेच. मज्जारज्जू दुखावला की हुकूमच पोहोचत नाही आणि ते स्नायू व्यायामाने पूर्ववत करता येत नाहीत. राहते ते वरचे अंग. दीर्घकाळ पडून राहिल्यावर तेही झिजलेले असते, ते मात्र परत उभे करता येते. पेटकर उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकी येथे १९७४ पासून स्वतंत्र पुनर्वसन केंद्र आहे. पुण्याला जाणाऱ्या पालकांनी ते जरूर पाहावे.

गेलेली ताकद परत कशी आणायची, याची शिस्तशीर पद्धतही लष्करी रुग्णालयातूनच आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराच्या रुग्णालयांत गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांची गर्दी झाली होती. तेव्हाचा रिवाज हलक्या व्यायामाचा होता, आणि माणसे महिनोन्महिने खाटेवर राहत. शिकागोच्या लष्करी रुग्णालयातले तरुण डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांना स्वतःला लहानपणी संधिवाताच्या तापाने कित्येक महिने अंथरुणात ठेवले होते आणि वजने उचलून त्यांनी शरीर परत कमावले होते. तेच त्यांनी सैनिकांवर वापरले आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ठरलेली त्यांची रीत सोपी आहे. जे वजन नीट दहाच वेळा उचलता येते ते शोधायचे. आधी त्याच्या निम्म्याने दहा वेळा, मग पाऊण वजनाने दहा वेळा, मग पूर्ण वजनाने दहा वेळा. ताकद वाढली की वजन वाढवायचे. यात महत्त्वाचे हे, की सुरुवात त्या माणसाच्या आजच्या ताकदीवरून होते. आजारापूर्वीचे त्याचे रेकॉर्ड इथे कामाचे नाही.

परतायला वेळ किती लागतो? कोपनहेगन विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात दोन आठवडे पाय जखडून ठेवलेल्यांना नंतर सहा आठवडे सायकल चालवायला लावली. स्नायूचे वस्तुमान भरून आले. ताकद सहा आठवड्यांनीही पूर्ण आली नाही. दोनाला सहाही पुरले नाहीत, हे प्रमाण मी माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.

कॅडेटांना एक इशारा. ताप अंगात असताना किंवा उतरल्या-उतरल्या जोर काढून दाखवण्यात मर्दुमकी नाही. विषाणूच्या तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते. सवय सुटलेल्या स्नायूंवर एकदम भयंकर ताण टाकला तर तंतू फुटून त्यांतला माल रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. कठोर व्यायामानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, स्नायू सुजून असह्य दुखू लागले, छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर त्याच क्षणी एम.आय. रूम. हाउसच्या गुणांचा विचार नंतर.

पालकांसाठी दोन गोष्टी. आपल्याकडे आजाऱ्याला अंथरुणातून उठू न देणे ही माया समजतात. २०१८ च्या पावसाळ्यात दुर्ग-भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली होती. अशा तापात विश्रांती हवीच, आणि ती किती हे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांनी परवानगी दिल्यावर मुलाने खुर्चीत बसून जेवावे, न्हाणीघरापर्यंत चालत जावे. पडल्या पडल्या घोटे वर-खाली करावेत, गुडघा सरळ ठेवून मांडी आवळून पाच-सहा सेकंद धरावी. प्लास्टर असेल तर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या पायाचा व्यायाम चालू ठेवावा. एका पायाच्या कसरतीने जखडलेल्या पायाची ताकदही काही प्रमाणात टिकते. हे मला पहिल्यांदा वाचताना खरे वाटले नव्हते.

दुसरी गोष्ट पथ्याची. या कॅडेटच्या आईंना मी फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, पंधरा दिवस फक्त पेज आणि साबुदाणा दिला, दुसरं काही दिलं नाही." त्यांचा हेतू चांगला होता. पण भाताच्या पातळ पेजेत आणि साबुदाण्यात प्रथिने नावापुरती असतात. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात असे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे म्हणणे आहे, म्हणजे पन्नास किलोला चाळीसेक ग्रॅम. आजारातून उठणाऱ्याला त्याहून जास्त. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम, मोठ्या पेलाभर दुधात आठ. मुगाची मऊ खिचडी, घट्ट वरण, दही, पचेल तेव्हा मटकीची उसळ, हे सगळे घरातलेच आहे. टायफॉइडमध्ये आतड्याला जखम असते, म्हणून काय केव्हा द्यायचे ते डॉक्टरांना विचारून. पण विचारावे जरूर.

त्या कॅडेटला आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने लाइट ड्यूटीवर ठेवले. पहिला आठवडा नुसते चालणे आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा-दहा वेळा उठणे. दुसऱ्या आठवड्यापासून चालणे-धावणे आलटून पालटून, शिवाय एक दिवसाआड डिलॉर्मच्या रीतीने पायांचा व्यायाम. वजन म्हणून पाठीवर पुस्तकांनी भरलेला पिट्ठू. प्रत्येक दिवसाचा आकडा त्याने स्वतः वहीत लिहिला. त्या सकाळच्या माझ्या वाक्याबद्दल हाउसच्या फॉल-इनमध्ये, ज्या मुलांसमोर ते बोललो होतो त्यांच्याच समोर, मी त्याची माफी मागितली. सातव्या आठवड्यात तो दोन किलोमीटर न थांबता धावला. त्याची वेळ सुट्टीपूर्वीच्या वेळेपेक्षा बावीस सेकंदांनी जास्त होती, आणि वहीत त्याने ती तशीच लिहिली आहे.