दोन डोळे, एक दृष्टी

आपण डोळ्यांनी पाहतो, असे सहज म्हटले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. डोळा प्रकाश ग्रहण करतो. पाहण्याची क्रिया मात्र मेंदूत पूर्ण होते. म्हणूनच एखाद्या बालकाचा एक डोळा अधू असला, तरी ते घरात किंवा शाळेत वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानात येत नाही.

मज्झिम निकायातील मधुपिंडिक सुत्तात महाकच्चायनांनी या प्रक्रियेचा विचार मांडला आहे. चक्षू, रूप आणि चक्षुविज्ञान या तिहींच्या संयोगास तेथे स्पर्श म्हटले आहे आणि वेदना व संज्ञा त्यातून पुढे उद्भवतात. ते शरीरशास्त्र नव्हे. तथापि केवळ डोळा म्हणजे दृष्टी नव्हे, ही जाण त्यात स्पष्ट आहे.

आता शरीररचना पाहू. डोळ्याच्या मागील बाजूस असलेल्या दृष्टिपटलावर दृश्याची उलटी प्रतिमा पडते. तेथील पेशी प्रकाशाचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करतात आणि प्रत्येक डोळ्यातून सुमारे दहा लाख तंतूंची मज्जारज्जूसारखी जुडी ते संकेत मेंदूकडे नेते. वाटेत दोन्ही जुड्या एकत्र येतात आणि प्रत्येकीतील नाकाच्या बाजूचे तंतू पलीकडे जातात. त्यामुळे आपल्या डावीकडील दृश्य, ते कोणत्याही डोळ्याने पाहिलेले असो, मेंदूच्या उजव्या अर्धात पोहोचते. उजवीकडील दृश्य डाव्या अर्धात. डोक्याच्या मागील भागातील दृष्टिकेंद्रात दोन्ही डोळ्यांचे संकेत जुळतात व एकच चित्र सिद्ध होते.

दोन्ही डोळ्यांत सुमारे सहा सेंटीमीटर अंतर असल्याने त्यांच्या प्रतिमा किंचित भिन्न असतात. हात लांब करून अंगठा खिडकीच्या गजांसमोर धरावा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. अंगठा जागचा सरकल्यासारखा भासतो. या फरकावरूनच मेंदू खोली ओळखतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी 1838 मध्ये दाखवून दिले. सुईत दोरा ओवताना या क्षमतेचा प्रत्यय येतो. मात्र दूरच्या वस्तूंबाबत हा फरक नगण्य होतो. खंबाटकी घाटातून उतरणारे वाहन किती दूर आहे, हे आपण त्याचा आकार, गती आणि पूर्वानुभव यांवरून ठरवतो.

अनुभवी मेंदू एका डोळ्यावरही पुष्कळ साधू शकतो. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी 1961 मध्ये मोटार अपघातात जवळजवळ गेली. तरी 1962 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ते भारतीय क्रिकेट संघाचे कर्णधार झाले. परंतु त्यांचा मेंदू अपघातापूर्वीच दोन डोळ्यांनी पाहण्यास शिकला होता.

बालकाचे तसे नसते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा पहिले काही महिने झाकून ठेवला. पुढे तो उघडला असता डोळा निर्दोष होता, पण दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्याला प्रतिसाद देत नव्हत्या. या संशोधनक्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना 1981 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुलांतही तिरळेपणा, दोन डोळ्यांच्या नंबरांतील मोठा फरक किंवा जन्मजात मोतीबिंदू असल्यास मेंदू एका डोळ्याच्या संकेतांकडे दुर्लक्ष करू लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करीत नाही, कारण याहून वेगळे पाहणे त्याला ठाऊकच नसते.

यावर उपाय आहे. योग्य चष्मा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चांगला डोळा रोज काही तास झाकणे, यांमुळे दुर्बल डोळ्याला काम करावे लागते. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास लाभ सर्वाधिक होतो. त्यानंतरही अनेकांना सुधारणा अनुभवता येते, म्हणून मोठ्या मुलांविषयी निराश होऊ नये.

म्हणून पालकांनी घरी मुलाचा एकेक डोळा तळहाताने झाकून दिनदर्शिकेवरील अंक वाचून घ्यावेत. एक डोळा झाकताच मूल हात दूर सारीत असेल, मान वाकडी करून पाहत असेल, तर विलंब न लावता नेत्रतज्ज्ञ गाठावा. बाहुलीत पांढरी झाक दिसल्यास तर एक दिवसही थांबू नये. तिरळेपणा भाग्याचा, ही समजूत मुलाच्या दृष्टीच्या मुळावर येते. निवासी शाळेत मूल आईवडिलांच्या नजरेआड असते. तेथे ही जबाबदारी गुरुजन व गृहपाल यांची. प्रवेशाच्या वेळी प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र तपासणी व्हावी आणि माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी दरवर्षी नेत्रतपासणी शिबिराचा भार उचलावा. फळ्यावरील अक्षर ज्याला नीट दिसत नाही, त्याला मंदबुद्धी ठरविण्यापूर्वी त्याचे डोळे तपासणे, हीच करुणेची पहिली पायरी होय.