बुजरे पिलू आणि नवे घर
(इयत्ता चौथी : परिसर अभ्यास – शिक्षकांसाठी पाठटिपण)

१. पाठाचा हेतू

प्राण्यांवर दया करावी, हे वाक्य प्राथमिक शाळेतील प्रत्येक मुलास पाठ असते. परंतु दया म्हणजे प्रत्यक्षात काय करावयाचे, हे त्यास क्वचितच सांगितले जाते. पुष्कळ मुलांच्या मते दया म्हणजे उचलून घेणे, कुरवाळणे आणि खाऊ घालणे. ज्या जिवास उचलून घेतलेले नको आहे, त्याच्याशी दयेने कसे वागावे, हा प्रश्न त्यांच्यापुढे सहसा आलेलाच नसतो. त्या प्रश्नाचा विचार मुलांकडून करवून घेणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय. रस्त्यावरून वाचविलेले, काही दिवस परक्या घरी वाढलेले आणि माणसास भिणारे मांजराचे पिलू आपल्या घरी कसे आणावे व कसे रुळवावे, हा पाठाचा विषय आहे.

२. विषयप्रवेश

मांजर आपल्या पिलांना सात घरे दाखविते, असे आपल्याकडे म्हणतात. कडब्याच्या गंजीत, माळ्यावर किंवा अडगळीच्या खोलीत व्यालेली मांजरी पिलांस मानगुटीस धरून एका जागेवरून दुसऱ्या जागी नेते, हे खेड्यातील मुलांनी पाहिलेले असते. शिक्षकांनी प्रथम मुलांस हा अनुभव सांगावयास लावावा व मग विचारावे, "मांजरी असे का करते?" पिलांस धोका वाटेल अशी जागा ती सोडते, हे उत्तर मुलांकडून सहज येईल. आई जवळपास असेल तर पिलांस हात लावू नये, लांबून लक्ष ठेवावे, हेही याच वेळी सांगावे. एकटे दिसणारे प्रत्येक पिलू पोरके नसते. आई भक्ष्याच्या शोधात गेलेली असू शकते.

त्यानंतर पुढील प्रश्न विचारावा : "ज्या पिलाची आई मेली किंवा हरवली, त्यास घरे कोण दाखविणार?" येथून मुख्य विषयाकडे वळावे.

मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत अशा पिलांसाठी काही माणसे आपल्या राहत्या घराचा एक कोपरा मोकळा ठेवतात. पिलू मोठे होऊन त्यास कायमचे घर मिळेपर्यंत ती त्यास सांभाळतात. अशा घरास तेथे 'फॉस्टर' असे म्हणतात. आपल्या परिचयाचे पाळणाघर मुलास दिवसभर सांभाळते. हे घर पिलास काही आठवडे सांभाळते. पुष्कळ प्राणी एकत्र ठेवलेल्या आश्रयस्थानात लहान पिलांस रोगाची लागण लवकर होते व तेथील गलबल्याने ती अधिकच बुजतात. म्हणून त्यांना घरात वाढविणे हितकर ठरते. आजारी व जखमी जनावरांस आश्रय देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास आळा घालणारी मुंबईतील संस्था १८७४ साली स्थापन झाली. परळ येथील तिचे रुग्णालय आजही लोक 'बैलघोडा हॉस्पिटल' या नावानेच ओळखतात.

३. पिलू बुजरे का होते?

मांजराच्या पिलाचे डोळे जन्मानंतर साधारणतः एक ते दोन आठवड्यांत उघडतात. दुसऱ्या आठवड्यापासून सुमारे सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ त्याच्या स्वभावाच्या घडणीत फार महत्त्वाचा असतो. या काळात ज्यांचा वास, आवाज व स्पर्श नित्य घडतो, त्यांस पिलू आपले मानू लागते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील टेम्पल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० नंतरच्या दशकात याचा अभ्यास केला. तिसऱ्या आठवड्यापासून माणसांनी हाताळलेली पिले, सातव्या आठवड्यापासून हाताळलेल्या पिलांपेक्षा माणसाजवळ अधिक रमतात, असे त्यात दिसून आले.

याचा अर्थ असा की, जे पिलू गटारात, मंडईत किंवा गाडीखाली लपून दोन महिन्यांचे झाले, त्याला माणूस हा मोठा व अनोळखी प्राणी वाटतो. त्याने फिसकारणे हा राग नव्हे आणि लपून बसणे हा हट्ट नव्हे. आपल्यापेक्षा कित्येक पटींनी मोठा प्राणी अंगावर येत असता कोणताही लहान जीव हेच करील. पिताही धीट असेल तर पिले धीट निपजण्याचा संभव अधिक, असेही अभ्यासकांस आढळले आहे. तेव्हा बुजरेपणाचा काही अंश जन्मतःच येतो, व त्याचा दोष पिलास देता येत नाही.

४. कथाभाग

पुढील कथा कल्पित आहे. ती शिक्षकांनी वर्गात सावकाश सांगावी.

पुण्यात एक कुटुंब राहत होते. आई, वडील, आजी, चौथीत शिकणारी मुलगी आणि दुसरीत शिकणारा तिचा भाऊ. मांजर पाळावयाचे ठरले, तेव्हा सर्वजण पिले सांभाळणाऱ्या एका बाईंच्या घरी गेले. मुले त्यांना मावशी म्हणू लागली. मावशींकडे दोन पिले होती. एक तांबूस पिलू धावत येऊन मुलाच्या बुटाच्या नाडीशी खेळू लागले. दुसरे, राखी रंगाचे, कपाटाखाली होते. त्याचे केवळ दोन डोळे दिसत होते.

मावशी म्हणाल्या, "हिचं नाव मनी. दोन महिन्यांची असताना भाजी मंडईत सापडली. आता चार महिन्यांची आहे. मध्यंतरी एका घरी दिली होती. पाच दिवसांनी त्यांनी परत आणली. जवळ येत नाही म्हणाले. परत आली ती आधीपेक्षा भित्री होऊन. तांबड्याला कोणीही नेईल. हिला नेणार असाल तर नीट विचार करून न्या. पुन्हा परत आली तर ती माणसांची आशा सोडील."

मुलीने मनीलाच न्यावयाचे ठरविले. मावशींनी लस टोचल्याचा कागद, मनीच्या वासाची जुनी चादर आणि तिच्या सवयीचे खाणे बरोबर दिले.

घरी स्वयंपाकघरालगतची लहान कोठी मनीस दिली. एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवून त्यात जुनी चादर घातली. दुसऱ्या कोपऱ्यात वाळूचे उथळ घमेले ठेवले. खाणे व पाणी त्यापासून दूर ठेवले. पहिले दोन दिवस मनी दिसलीच नाही. परंतु रात्री ठेवलेली बशी सकाळी रिकामी असे. सातव्या दिवशी मुलगी कोठीत बसली असता मनीने खोक्याबाहेर तोंड काढले.

नवव्या दिवशी मुलाचे मित्र मांजर पाहावयास आले. मनी बाहेर येईना. मित्र हसू लागले, तेव्हा मुलाने खोक्यात हात घालून तिला पाय धरून ओढले. मनीने त्याचा हात ओरबाडला आणि ती धान्याच्या पिंपामागे जाऊन बसली. आईने मुलाचा हात वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतला व त्यास लगेच आरोग्य केंद्रात नेले. त्या रात्री मनीने अन्नास तोंड लावले नाही.

वडील म्हणाले, "हे जनावर काही माणसाळायचं नाही. उद्या परत देऊन येऊ."

आजी धान्य निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, या घरात सून म्हणून आले, तेव्हा दोन महिने मी कोणाशी मोठ्यानं बोलले नव्हते. तुझ्या आजोबांच्या आईनं नवव्या दिवशी मला परत धाडलं असतं, तर?"

यावर कोणी काही बोलले नाही. मुलीने मावशींस दूरध्वनी केला. मावशी म्हणाल्या, "एक पायरी मागं या. पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू करा. ज्यानं भिववलं, त्यालाच रोज तिच्याजवळ बसू द्या. त्यानं काहीच करायचं नाही, हेच त्याचं काम."

दुसऱ्या दिवसापासून मुलगा रोज संध्याकाळी अर्धा तास कोठीच्या दारापाशी बसू लागला. मनीकडे पाहावयाचे नाही, हात पुढे करावयाचा नाही, हळू आवाजात आपले पुस्तक वाचावयाचे, एवढेच त्यास सांगितले होते. पहिले चार दिवस त्यास रडू येई. तिला वाईट वाटले हे तिला कसे सांगावे, असे तो आजींस विचारी. आजी म्हणत, "तू वाच. तिला ऐकू येतंय."

त्याचे मराठीचे पुस्तक दोनदा वाचून झाले. तिसऱ्या वाचनाच्या वेळी मनी पिंपामागून निघाली, त्याच्या पायाचा अंगठा तिने हुंगला आणि ती परत गेली. मुलगा हलला नाही. तो वाचतच राहिला.

तीन महिन्यांनी मनी आजींच्या गोधडीच्या कडेला झोपू लागली. मांडीवर ती अजूनही बसत नाही आणि पाहुणे आले की पिंपामागे जाते. तेव्हा मुलगाच पाहुण्यांस सांगतो, "तिला हाक मारू नका. तिला वाटलं तर येईल."

५. कथेवरून काढावयाचे नियम

शिक्षकांनी पुढील नियम स्वतः न सांगता कथेतील प्रसंगांवरून मुलांकडून काढून घ्यावेत.

(अ) प्रथम लहान जागा द्यावी. संपूर्ण घर एकदम मोकळे केल्यास पिलू गोंधळते.

(आ) लपावयास जागा असावी व ती कोणी मोडू नये. नेदरलँड्समधील एका आश्रयस्थानात केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. नव्याने आलेल्या ज्या मांजरांस लपण्यासाठी पेटी मिळाली, त्यांच्यावरील ताण इतरांपेक्षा लवकर उतरला. लपावयास मिळाले म्हणजेच बाहेर येण्याचे धैर्य येते.

(इ) डोळ्यांस डोळे लावून पाहू नये. टक लावून पाहणे हे मांजरास धमकीसारखे वाटते. उलट डोळे हळूहळू अर्धवट मिटून उघडल्यास मांजरही बहुधा तसेच करते व अनोळखी माणसाजवळ येण्यास अधिक तयार होते, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२० साली दाखविले.

(ई) दूध व पोळी हा मांजराचा आहार नव्हे. गाईम्हशीचे दूध पुष्कळ मांजरांस पचत नाही व पिलांस हगवण लागते. मांजर मांसाहारी प्राणी आहे. मांस व मासे यांतून मिळणाऱ्या टॉरिन या द्रव्यावाचून त्याचे डोळे व हृदय बिघडते. शिजविलेले मांस किंवा मासळी द्यावयाची झाल्यास त्यात मसाला, कांदा व लसूण नसावा. ज्या घरात मांसाहार आणणे शक्य नाही, त्यांनी मांजर आणण्यापूर्वीच याचा विचार करावा. पिलाने एक अहोरात्र काहीच न खाल्ल्यास पशुवैद्याकडे न्यावे.

(उ) लसीकरण चुकवू नये. साधारणतः सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून लसी सुरू होतात व तीन महिन्यांनंतर रेबीजची लस देतात. मांजराने चावल्यास किंवा ओरबाडल्यास, ओरखडा कितीही लहान असला तरी, तो साबण व पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच आरोग्य केंद्रात जावे. हळद किंवा चुना लावून स्वस्थ बसू नये. मार बसेल या भीतीने मुले ओरखडा लपवितात; तसे करू नये, हे शिक्षकांनी स्पष्ट सांगावे.

(ऊ) आणलेले पिलू टाकून देऊ नये. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्यास योग्य कारणावाचून सोडून देणे, हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अपराध आहे. सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली राज्यघटनेत समाविष्ट झाले आहे.

६. शिक्षकांनी ध्यानात घ्यावयाची गोष्ट

जून महिन्यात पहिलीच्या वर्गात एखादे मूल दाराआड उभे राहते. ते नाव सांगत नाही, पाटी काढीत नाही, खिडकीतून घराच्या वाटेकडे पाहत बसते. त्यास हाताला धरून पुढे ओढणे, सर्वांसमक्ष गाणे म्हणावयास लावणे, "बोलत का नाहीस?" असे पुनःपुन्हा विचारणे, हे उपाय सद्हेतूने केले जातात, परंतु त्यांनी ते मूल अधिकच आत जाते. दाराजवळची जागा त्यास काही दिवस द्यावी, रोज एकदा त्याचे नाव प्रेमाने घ्यावे आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता पुढे जावे. मूल आणि पिलू एक नव्हेत, ही मर्यादा ओळखूनही एवढे म्हणता येते की, भ्यालेल्या जिवास पुढे येण्याची वेळ स्वतः ठरवू दिली, तर ते बहुधा पुढे येते.

सर्वच मुले वक्ती होणार नाहीत आणि सर्वच मांजरे मांडीवर बसणार नाहीत. आपल्या सान्निध्यात त्यांस निर्भय वाटले, की शिक्षकाचे व पालकाचे मोठे काम झाले असे समजावे.

७. प्रश्न व उपक्रम

(१) मनी पहिल्या घरातून परत आली, तेव्हा अधिक भित्री का झाली होती?
(२) मुलाने मनीस ओढले, यात मित्रांच्या हसण्याचा वाटा किती होता? तुम्ही त्या मित्रांपैकी एक असता, तर काय केले असते?
(३) आजींनी आपली हकिकत सांगितली, तेव्हा कोणी काही का बोलले नाही?
(४) "काहीच करायचं नाही, हेच त्याचं काम," असे मावशी का म्हणाल्या?

उपक्रम : विद्यार्थ्यांनी घराजवळच्या एखाद्या मांजराचे दहा पावलांवरून दहा मिनिटे निरीक्षण करावे. त्यास हाक मारू नये, हात लावू नये व खाणे दाखवू नये. कान, शेपटी व डोळे यांत काय बदल होतात ते वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवावे. या पाठासाठी जिवंत मांजर वर्गात आणू नये. ज्या गोष्टी टाळावयास शिकवावयाचे, त्यांचाच तो धडा होईल.