बाळंतविडा बांधण्याआधी

बारशाची तारीख ठरली की घरात याद्या सुरू होतात. एक यादी आजीची: झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची, मनगट्या, वाळे, वेखंड, काजळाची डबी. दुसरी कुणीतरी मोबाईलवर पाठवलेली: डायपर, वाइप्स, बाटल्या, बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र, वॉकर, डासांचे पॅच. आजीची यादी धरली तर मैत्रिणी म्हणतात, ‘अगं, अजून लंगोट?’ दुसरी धरली तर घरातली वडीलधारी माणसं काहीच बोलत नाहीत. ते जास्त लागतं.

या भांडणात मला कुणाचीच बाजू पुरती घेता येत नाही. जुनं नैसर्गिक असतं म्हणून ते सुरक्षित, असं नाही. नवं तपासून बाजारात येतं म्हणून ते सुरक्षित, असंही नाही. शिवाय बाळाला बरं आणि नदीला बरं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. काही वस्तू दोन्हींत पास होतात, काही एकीतच, आणि काही दोन्हींत नापास होऊनही दुकानात मानाने पुढे मांडलेल्या असतात. तेव्हा वस्तू एकेक करून हातात घेऊ. सगळ्या नको, डोकं खपवावं अशाच.

आधी कापड. कोल्हापूरच्या माणसाने बाळाच्या कापडासाठी रात्र रात्र मोबाईल चाळावा, याची मला गंमत वाटते. इचलकरंजी हाकेच्या अंतरावर. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे अख्खं गाव त्या खडखडाटावर उभं राहिलं. मलमल, केंब्रिक, पॉपलिन असं साधं सुती कापड मीटरवर घ्यावं आणि गल्लीतल्या शिंप्याकडून झबली शिवून घ्यावीत. बटणं नकोत, मागे बंद हवेत, तेही आखूड. टोपड्याचे लांब बंद गळ्याशी गुंतू शकतात, म्हणून झोपवताना टोपडं काढूनच ठेवायचं.

नवं कापड मात्र तसंच अंगाला लावू नका. सायझिंगमध्ये सुताला खळ चढवतात, ती माग चालावा म्हणून. बाळाच्या कातडीला तिचा काही उपयोग नाही. वर कापडाला तजेला यावा म्हणून आणखी काय काय लावलेलं असतं. नव्या केंब्रिकचा तुकडा बोटांत चुरगळून पाहा, कागदासारखा कुरकुरतो. दोन-तीन वेळा गरम पाण्यातून काढला की तोच तुकडा मऊ पडतो. आजोबांच्या जुन्या धोतराचे लंगोट चांगले का, याचंही उत्तर यातच आहे. वर्षानुवर्षं धुऊन त्यातलं जायचं ते सगळं निघून गेलेलं असतं. इथे आजी शंभर टक्के बरोबर आहे.

रंगाचंही पाहा. पांढरं किंवा फिकं कापड घेतलं तर बाळाने चोखलं तरी काळजी नाही, आणि रंगाईचं पाणीही तेवढंच कमी. आपल्या भागात हे दूरचं तत्त्वज्ञान नाही. शहराचं सांडपाणी आणि कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचं पाणी पंचगंगेत कसं येतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली, माणसं दगावली. त्या जातीची कावीळ गरोदर बाईला सगळ्यात घातक. कोल्हापूर शहराला २०२३च्या दिवाळीत काळम्मावाडीचं थेट पाईपलाईनचं पाणी मिळालं म्हणून आपण सुटलो, असं वाटत असेल तर खाली शिरोळकडे जाऊन या. आपण सोडलेलं तिकडे पोचतंच.

आता डायपर. यावर जरा जास्त बोलू, कारण सगळ्यात जास्त अपराधीपणा याच वस्तूवरून आयांच्या माथी मारला जातो.

डायपर म्हणजे बाहेरून प्लॅस्टिक, आत लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून फुगणारे पॉलिमरचे दाणे. दिवसाला पाच धरले तरी दोन वर्षांत साडेतीन हजारांवर जातात. ते कुजत नाहीत, ओले असल्याने धड जळतही नाहीत. कसबा बावड्याच्या लाइन बाजारातला झूम प्रकल्प आणि तिथला कचऱ्याचा डोंगर आपल्याला माहीत आहे. त्यात ही भर. त्याहून वाईट म्हणजे काही घरांतून पिशवी थेट नाल्यात जाते. जयंती नाला, दुधाळी नाला, मग नदी. २०१९ आणि २०२१चा पूर उतरल्यावर झाडांना नि कुंपणांना जे काही लटकलेलं होतं, ते आपलंच होतं.

मग लंगोटच वापरा, असं सांगून मी मोकळी होऊ शकते. पण आषाढात कोल्हापुरात लंगोट वाळतात का, ते आधी सांगा. आठ-आठ दिवस ऊन नाही, दोरीवरचं कापड हाताला गार लागतं आणि तसंच बांधलं की दुसऱ्या दिवशी जांघेत लाल चट्टे. पूर्वी शेगडीवर डालगं पालथं घालून त्यावर कपडे वाळवायचे आणि त्याच निखाऱ्यांवर ओवा-वेखंड टाकून बाळाला धुरी द्यायचे. धुरी आता बंदच करा. बाळाची फुप्फुसं धुरासाठी नसतात, आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी तर थोरामोठ्यांचाही जीव घेते. लंगोट पंख्याखाली वाळवून वरून इस्त्री फिरवणं, हा पावसाळ्यातला साधा उपाय.

आणि एक प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही: लंगोट धुणार कोण? नवजात बाळ दिवसातून दहा-बारा वेळा ओलं करतं. टाके अजून भरले नाहीत अशा बाईला मोरीत बसवून पर्यावरण वाचवायचं असेल, तर मला ते पर्यावरण मान्य नाही. घरातल्या पुरुषाने बादली उचलली तरच लंगोटाचा हिशोब जमतो. बाबालोक, हे तुम्हाला उद्देशून आहे. शी आधी संडासात झटकायची, लंगोट गार पाण्यात भिजवायचा, मग साबण, मग दोन पाण्यांतून खळबळायचा. साबण राहिला तर पुरळ येतं. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, कापडाचं पाणी शोषणं कमी होतं.

इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने २००८ साली दोन्हींचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडला होता. त्यात कापडी लंगोट आपोआप जिंकले नाहीत. खूप गरम पाण्यात धुऊन यंत्रात वाळवले तर फायदा पुसला जातो; मशीन पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही वापरले, तर मात्र भार बराच कमी होतो. म्हणजे आपल्या गॅलरीतली दोरी आणि धाकट्यासाठी जपून ठेवलेलं बोचकं हेच खरं शहाणपण, फक्त कुणी तसं म्हटलं नव्हतं.

माझं मत विचाराल तर मधला रस्ता. दिवसा घरी लंगोट किंवा बटणांचे कापडी डायपर. रात्री, प्रवासात, दवाखान्यात आणि झडीच्या पावसात विकतचा डायपर, आणि त्याबद्दल कुणाला खुलासा देत बसायचं नाही. डायपर भरला नसला तरी तीन-चार तासांनी बदलायचा. सुगंधी घेऊ नका. वास बाळाला नको असतो, आपल्याला हवा असतो. टाकताना आतली घाण संडासात टाका, डायपर कागदात गुंडाळा, ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या. २०१६च्या घनकचरा नियमांनी डायपरला सॅनिटरी कचऱ्यात धरलं आणि तो नीट गुंडाळून देणं ही आपली जबाबदारी ठरवली. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायची पद्धत रुजवली. आत काय आहे ते हात घालण्याआधी कळावं, एवढीच त्यामागची माणुसकी. लाल पेन घरात असतंच.

दूध पाजण्याच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. अंगावरचं दूध सगळ्यात स्वस्त, सुरक्षित आणि कचरा शून्य. पण ते जमत नसेल तर आईला टोचून बोलू नका, डॉक्टरांना विचारा. वरचं द्यावंच लागलं तर वाटी-चमचा किंवा बोंडलं बाटलीपेक्षा बरं, कारण ते उघडं असतं, घासलं की स्वच्छ झालेलं दिसतं. बाटलीच्या बुचातलं नि आटे असलेल्या तोंडातलं दूध दिसत नाही. बाटली घ्यायचीच तर स्टीलची किंवा काचेची बघा. प्लॅस्टिकची असेल तर आयएसआयचा शिक्का हवाच. बाटल्या आणि बाळदुधाच्या पावडरी यांच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. तेव्हा कुणी मोफत नमुना हातात ठेवला तर घेऊ नका.

आता खेळणी. पाळण्यातलं मूल खेळणं बघत नाही, खातं. म्हणून पहिली परीक्षा तोंडाची. तीन वर्षांखालच्या मुलासाठीच्या खेळण्याचा कुठलाही तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये, अशी चाचणी जगभर वापरतात. घरी टॉयलेट पेपरचं पुठ्ठ्याचं नळकांडं घ्या. ते याहून थोडं रुंद असतं, त्यामुळे त्यातून पडणारं सगळं उचलून ठेवलं की झालं. हीच परीक्षा आपल्या लाडक्या दागिन्यांना लावा. हुपरीचे चांदीचे वाळे किती सुंदर, पण त्यातली घुंगरं ओढून पाहा. एक जरी हललं तरी बारशाचा फोटो काढून डबीत ठेवा. काळ्या मण्यांच्या मनगट्यांचंही तेच, धागा कधी तुटेल नेम नसतो. आणि गाणाऱ्या खेळण्यातला बटणासारखा सेल: तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर खेळणं घरात नको.

१ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांवर आयएसआय शिक्का बंधनकारक आहे. शिक्क्याखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा-खोटा पाहता येतो. रस्त्यावर किलोने मिळणाऱ्या झगमगीत प्लॅस्टिकला अर्थातच काही नसतं.

पण नोंदणीकृत कारागिरांना या सक्तीतून सूट आहे. म्हणजे आंबोली घाट उतरून सावंतवाडीला गेलात, तर तिथल्या लाकडी खेळण्यांवर शिक्का नसेल आणि त्यात काही काळंबेरंही नसेल. तिथे शिक्क्याची जागा प्रश्नाने घ्यायची: रंग कुठला लावलाय? तिथली रंगवलेली फळं देखणी, पण ती मांडायला. चोखणाऱ्या बाळाला देण्याआधी दुकानदाराला नक्की विचारा. ओल्या पांढऱ्या फडक्याने खेळणं घासून पाहा. फडक्यावर रंग आला तर उत्तर मिळालं. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या वनस्पती-रंगांची खेळणी या वयाला चांगली. रंग न दिलेला गुळगुळीत लाकडी खुळखुळा मिळाला तर त्याहून बरा.

रंगावरून आठवला तो पाळणा. पणजोबांच्या वेळचा, दर बारशाला नव्याने ऑइल पेंट मारलेला. रंगातल्या शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग एवढी खाली आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत किती शिसं आहे कोण जाणे, आणि दात येणारं मूल पाळण्याची कड कुरतडतं. शिसं मेंदूला अपाय करतं, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. पापुद्रे निघत असतील तर तो पाळणा देवघरापाशी शोभेला ठेवा. घरी खरवडायला बसू नका, धूळ आणखी वाईट.

आजीच्या यादीतल्या आणखी दोन-तीन वस्तूंवर मला काट मारायची आहे, आजींची क्षमा मागून. काजळ डोळ्यांत नको. विकतच्या सुरम्यात शिसं सापडतं आणि घरचं असलं तरी बोट डोळ्यांत जातंच. दृष्टीचा टिळा तळपायाला लावा, दृष्टीला चालतं. अंघोळीनंतर टाळूवर वेखंडाची पूड नको आणि टाल्कम पावडरही नको. भुकटी कुठलीही असो, श्वासातून आत जाते. सर्दीसाठी अंगड्याला बांधायची भीमसेनी कापराची पुरचुंडी तर अजिबात नको. लहान मुलाच्या पोटात थोडा कापूर गेला तरी आकडी येते. ‘नैसर्गिक’ या शब्दावर हल्ली सगळं विकलं जातं, डासांच्या तेलापासून वाइप्सपर्यंत. पर्यावरणाच्या नावाने पोकळ दावे करू नयेत म्हणून केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या उगाच नाही. डासांना पाळण्यावरची मच्छरदाणी पुरते. वाइप्सचं काम ओलं सुती फडकं करतं.

याउलट, नव्या यादीतला वॉकर काढून आजीचा पांगुळगाडा आणा. वॉकरमध्ये मूल बसतं आणि पायाने ढकललं की क्षणात जिन्यापाशी, नाहीतर गॅसच्या ओट्यापाशी पोचतं. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. वॉकरने मूल लवकर चालतं हाही भ्रम. पांगुळगाड्याला मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं, तोल स्वतः सांभाळतं. आपल्या सुतारांना ही गोष्ट कुठल्याही संशोधनाआधी कळली होती. फक्त उतारावर आणि जिन्याजवळ देऊ नका, आणि कोपरे घासून घ्या.

बारशाला काय आणू, असं आत्याने विचारलं तर तिच्या मुलाची वापरलेली झबली मागा. लाजू नका, तिलाही ती ठेवायला जागा नसते. मावशीला मऊ सुती दुपटं सांगा. काकाला गॅलरीत पावसाचं पाणी येणार नाही अशी दोरी बांधून द्यायला सांगा. आणि मामाने हौसेने वॉकर आणायचं ठरवलंच असेल, तर पावती ठेव म्हणावं.