दोन दिवसांचं अलिबाग आणि पाऊणकीचा पाढा



"या शनिवार-रविवारी अलिबागला जाऊन येऊ या का?" असं आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातल्या एखाद्या घरात कुणी म्हटलं, की पुढची चर्चा ठरलेली असते. निघायचं किती वाजता, रूम कुठे घ्यायची, मासे कुठे चांगले मिळतात. मुलं या चर्चेत कुठेच नसतात. त्यांना फक्त सॅक भरायला सांगितलं जातं. माझं म्हणणं असं आहे, की हे नियोजन चौथी-पाचवीच्या मुलांकडे द्या. लुटुपुटूचं नाही, खरोखर द्या. आणि त्यातलं सगळ्यात जबाबदारीचं काम, म्हणजे समुद्राची वेळ काढण्याचं, तेही त्यांनाच करू द्या.

वर्गात सुरुवात सुट्टीपासून करावी. आपल्याकडे शनिवार-रविवार म्हणजे सगळ्यांची सुट्टी असं नसतं. कुणाच्या बाबांना रविवारी सुट्टी, पुष्कळ छोट्या वर्कशॉपना गुरुवारी, तर कुणाची पाळी दर आठवड्याला बदलते. मुलांना घरातल्या प्रत्येकाचा सुट्टीचा वार आणि पाळी लिहून आणायला सांगा. तक्ता करणं, तक्ता वाचणं हा घटक इथेच होऊन जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने तक्त्याखाली स्वतःहून लिहिलं होतं, "पप्पांची तिसरी पाळी असेल तर सकाळी निघायचं नाही, घाटात झोप येते." यावर मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

मग नकाशा. चिंचवड, लोणावळा, बोरघाट, खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग. अंतर साधारण सव्वाशे ते एकशेतीस किलोमीटर. नकाशावर दोरा ठेवून अंतर मोजायला लावा. सरळ रेषेतलं अंतर आणि घाटातून वळत जाणारा रस्ता यांतला फरक मुलांच्या लगेच लक्षात येतो. चाकणच्या मुलांनी तळेगावपर्यंतची गर्दी वेगळी धरायची, ती त्यांना आपल्यापेक्षा चांगली माहीत आहे! पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं मिळून 300 किलोमीटर आणि गाडी लिटरला 15 देत असेल, तर 20 लिटर. त्या दिवसाचा दर मुलांनी पंपावर बघून आणायचा.

आता मुख्य गोष्ट. अलिबागचा कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये बांधायला घेतला आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झाला. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला वाट पाण्याखाली जाते. म्हणजे आपण किती वाजता पोहोचतो याला फारसा अर्थ नाही, त्या वेळी पाणी कुठे आहे याला अर्थ आहे. ते घरबसल्या कसं कळणार?

कोकणात यासाठी एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. आपल्या आजी-आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ केली होती. तीच पाऊणकी फळ्यावर लिहा: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा. प्रतिपदा ते अष्टमी या तिथींना पूर्ण भरती साधारण या वेळांना, दुपारी आणि पहाटे अशी दोनदा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, मोजायला प्रतिपदेपासूनच सुरुवात करायची. (मोबाइलवरचं घड्याळ बघणाऱ्या मुलांना "पावणेचार" म्हणजे किती हेही यातून कळतं, हा वरचा फायदा.)

भरतीनंतर किंवा भरतीआधी साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. पंचमीला भरती पावणेचारला, ओहोटी सकाळी साडेनऊच्या सुमारास. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघायचं आणि पाणी वळलं की परत फिरायचं. वाट आधी सखल जागी बुडते. त्यामुळे आपल्या पायाखाली कोरडं असतानाच परतीच्या वाटेत पाणी आलेलं असू शकतं.

हुशार मुलं इथे प्रश्न विचारतात, आणि विचारायलाच हवेत. पौर्णिमेला 15 ची पाऊणपट सव्वाअकरा येते, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. असं का? कारण भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा येते आणि आपण 45 च धरली. रोजची थोडीशी चूक साठत जाते. दुसरा प्रश्न: अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी भर दुपारी, ती चालेल का? चालेलच असं नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसं हटतच नाही. सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा इथे चौथीतच समजतो.

हा ठोकताळा अंदाजासाठी आहे, त्याच्या भरवशावर पाण्यात उतरण्यासाठी नाही. भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघा, आणि तिथे गेल्यावर कोळी बांधवांना किंवा किल्ल्यावर ये-जा करणाऱ्या घोडागाडीवाल्यांना विचारा. ते "आता नको" म्हणाले तर नको. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजची मुलं होती, लहान नव्हती. आपल्या भागातली मुलं पवना, इंद्रायणी आणि धरणं बघत वाढतात. समुद्राचं पाणी जागा बदलतं, ही गोष्ट त्यांच्या अनुभवातच नसते. मोठ्यांच्याही नसते, म्हणून तर वाळूत गाड्या घातल्या जातात आणि भरती आल्यावर ओढून काढाव्या लागतात.

अलिबागला दुपारी वेळ उरला तर मुलांना चुंबकीय वेधशाळेची गोष्ट सांगा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या, त्यामुळे कुलाब्याच्या नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला आणलं. लोखंडाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मुलांना लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीचं फार नवल वाटतं.

गृहपाठ असा द्या. कॅलेंडर घेऊन पुढच्या चार शनिवारांच्या तिथी लिहा, प्रत्येकीची पाऊणपट करा, ओहोटीची वेळ काढा आणि कुठला शनिवार सोयीचा ते ठरवा. एक शनिवार जमला की पुढचा जमत नाही, त्याच्या पुढचा पुन्हा जमतो, असं काहीतरी मुलांना दिसेल. का ते लगेच सांगू नका. घरच्यांचा सुट्टीचा तक्ता शेजारी ठेवायला लावा आणि जो शनिवार किंवा गुरुवार दोन्हीकडे जुळेल, त्याला गोल करून वही घरी दाखवायला सांगा.