बाण सोडण्याआधी पलीकडचं कुंपण बघा

अमेरिकेत राहणारी, धनुर्विद्येचा नाद लागलेली मराठी मुलं मला अधूनमधून फोन करतात. वायोमिंगमध्ये गाइड न घेता, सरकारी जमिनीवर, स्वतःच्या हिमतीवर प्राँगहॉर्नची शिकार करायची असते. पहिला प्रश्न ठरलेला: धनुष्य किती पौंडांचं घेऊ? मी म्हणतो, धनुष्याचं नंतर बघू. आधी सांग, बाण लागल्यावर जनावर कुठल्या दिशेला पळेल आणि तिकडची जमीन कोणाची आहे? याचं उत्तर तयार असल्याशिवाय घरातून निघू नये, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्राँगहॉर्नला सगळे अँटिलोप म्हणत असले तरी ते आपल्या काळविटाच्या कुळातलं जनावर नाही. त्याचं कूळच वेगळं, आणि त्या कुळातली ही एकच जात आज उरली आहे. काळविटाची शिंगं आयुष्यभर टिकतात; याच्या शिंगांवरचं कवच दरवर्षी गळून नवं येतं. ताशी 80 किलोमीटरच्या वर धावतं. इतक्या वेगाने त्याला पकडणारा एकही शिकारी प्राणी आज तिथे नाही. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या अमेरिकन चित्त्यामुळे हा वेग आला असावा, असं काही अभ्यासक मानतात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मोठे आणि बाहेर आलेले, त्यामुळे मागचंही बरंचसं दिसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जात संपायला आली होती. कायदे, परवाने आणि शिकाऱ्यांनी भरलेले पैसे यांमुळे ती सावरली. भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथे मी लिहितोय ते फक्त वायोमिंगमधल्या कायद्याच्या चौकटीत होणाऱ्या शिकारीबद्दल.

परवाना सोडतीने मिळतो. अर्ज उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करावा लागतो आणि तोही ठरावीक भागासाठी. एका भागाचा परवाना शेजारच्या भागात चालत नाही. 1966 किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. धनुष्यबाणाचा खास हंगाम बहुतेक ठिकाणी 15 ऑगस्टला उघडतो आणि त्यासाठी मूळ परवान्यावर आणखी एक धनुर्धारी परवाना काढावा लागतो. 2022-23चा हिवाळा या जनावरांवर फार वाईट गेला. त्यानंतर राज्याच्या वन्यजीव खात्याने हजारो परवाने कमी केले. म्हणून गेल्या वर्षी कोणाला सहज मिळाला, यावर विसंबू नका.

आता जमिनीकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. तिथली सरकारी जमीन आपल्याकडच्या गायरानासारखी असते: मालकी सरकारची, चराई रँचवाल्यांच्या गुरांची, आणि कोणालाही पायी फिरायची मुभा. नकाशावर भू-व्यवस्थापन खात्याची जमीन पिवळी, राज्याची निळी आणि खासगी पांढरी दाखवतात. दक्षिण वायोमिंगमध्ये हे रंग बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक येतात. 1862च्या कायद्याने रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंच्या जमिनीतला एकाआड एक चौरस मैल दिला गेला, आणि तो पट आजही तसाच आहे. सरकारी चौकोन दिसतो, पण त्याच्या चारही बाजू खासगी. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला टेकतात. त्या कोपऱ्यावरून पाय टाकून पलीकडे गेलं तर अतिक्रमण होतं का, यावर एल्क माउंटनजवळ 2021मध्ये शिडी लावून कोपरा ओलांडणाऱ्या मिझुरीच्या शिकाऱ्यांवर खटले झाले. फौजदारी खटल्यात ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवलं. दिवाणी खटल्यात 2025च्या मार्चमध्ये संघीय अपील न्यायालयानेही त्यांच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल वायोमिंग, कोलोरॅडो, युटा अशा त्या न्यायालयाच्या कक्षेतल्या सहा राज्यांपुरता आहे. मोंटाना त्यात नाही. आणि कोपरा ओलांडायचा म्हणजे नेमक्या त्या बिंदूवरून. खासगी मातीवर पाऊल पडता कामा नये. फोनमधला नकाशा काही यार्डांनी चुकू शकतो, हे ध्यानात ठेवून सर्वेक्षणाची खूण प्रत्यक्ष डोळ्यांनी बघा.

ऑगस्टमध्ये शिकार पाणवठ्यावर होते. उघड्या माळावर रांगत जाऊन धनुष्याच्या टप्प्यात पोचणं फार अवघड. म्हणून गुरांच्या टाकीजवळ किंवा मातीच्या तळ्याजवळ कापडी लपण उभारून पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बसायचं. आत काळे कपडे घालायचे, मागच्या खिडक्या घट्ट बंद ठेवायच्या, म्हणजे आतल्या अंधारात हालचाल दिसत नाही. वारा जोरदार असतो, म्हणून लपण चहूबाजूंनी दोरांनी ताणून बांधायचं. प्राँगहॉर्न पाण्यावर येतं ते सावकाश, दहा वेळा थांबून. पुढचे पाय फाकवून तोंड खाली घालतं, दोन घोट घेतं आणि झटक्यात मान वर करतं. ही मान वर झाली की धनुष्य खेचायचं नाही. खरं पाणी पिणं नंतर सुरू होतं, तेव्हा खेचायचं.

एक जोराचा पाऊस झाला की हे सगळं गणित फिसकटतं. प्रत्येक खळगीत पाणी साचतं आणि टाकीकडे कोणी फिरकत नाही. शिवाय तिथली चिकणमाती, ज्याला स्थानिक लोक गंबो म्हणतात, भिजली की चाकांना इतकी चिकटते की चाक फिरेनासं होतं. पावसानंतर रस्ता सुकेपर्यंत गाडी हलवू नका. हलवलीत तर अडकाल, आणि खोल चरे पाडून दुसऱ्यांचाही रस्ता खराब कराल.

ज्या प्रसंगाने मला हे लिहायला लावलं तो अशाच एका टाकीवरचा. माझ्याबरोबर पुण्याकडचा एक मित्र होता, वर्षानुवर्षं निशाण्यावर सराव केलेला. टाकी सरकारी जमिनीवर, पण पूर्वेला थोड्याच अंतरावर काटेरी तारेचं कुंपण आणि पलीकडे खासगी रँच. भर दुपारी एक नर आला. आडवा उभा राहिला, पाणी पिऊ लागला. मित्राने बाण सोडला. प्रत्यंचेच्या आवाजाने जनावर तेवढ्यात दचकलं, पुढे सरकलं आणि बाण छातीऐवजी मागे, यकृताच्या भागात लागला. धनुष्याच्या शिकारीत हे घडतं. जनावर आवाजाला बाणापेक्षा लवकर प्रतिसाद देतं. नर पळाला तो थेट कुंपणाकडे. प्राँगहॉर्न सहसा उडी मारत नाही, तारेखालून सरपटतं. सर्वांत खालच्या काट्याला त्याच्या पांढऱ्या केसांचा झुबका अडकला होता. बोटांत धरला तर तुटला. आतून पोकळ आणि ठिसूळ केस. पलीकडे चारशे यार्डांवर नर सेजब्रशच्या झुडपांत बसलेला आम्हाला दुर्बिणीतून दिसत होता. आणि आम्हाला कुंपण ओलांडायचा अधिकार नव्हता. वायोमिंगमध्ये जखमी किंवा मेलेलं जनावर आणायलाही जमीनमालकाची परवानगी लागते.

नकाशावर मालकाचं नाव होतं, फोन नंबर नव्हता. फाटकापर्यंत गेलो, घर बंद. फोनला रेंज मिळेपर्यंत बरंच मागे यावं लागलं. वन्यजीव खात्याच्या वार्डनशी बोललो. परवानगी देणं त्यांच्या हातात नव्हतं, पण मालकाला शोधण्यासाठी त्यांनी मनापासून धावपळ केली. मालक दूरच्या शेतात चारा कापत होता. निरोप पोचला तेव्हा सूर्य कलला होता. परवानगी त्याने ताबडतोब दिली. आम्ही पोचलो तेव्हा नर मेलेला होता, पोट फुगलेलं, मांड्यांजवळचं मांस हिरवट आणि वास येणारं. पारा दुपारी 35 अंश सेल्सिअसवर होता. त्याच पोकळ केसांच्या कातड्याने आतली उष्णता धरून ठेवली होती. मित्र जमिनीवर बसून रडला. परवान्याची चिठ्ठी कायद्याप्रमाणे जनावराला लावली आणि तो हंगाम तिथेच संपला. एवढं देखणं जनावर मेलं आणि कोणाच्या पानात पडलं नाही, याचं दुःख मला आजही आहे.

म्हणून सांगतो, पाणवठा निवडताना त्याच्या चारही दिशांना किती सरकारी जमीन आहे ते मोजा. चहूबाजूंनी निदान मैलभर पिवळा रंग नसेल तर तो पाणवठा कितीही खुणांनी भरलेला असो, सोडून द्या. मनात चार ठिकाणं ठेवा. एखाद्यावर आधीच कोणी बसलं असेल तर मुकाट्याने पुढे जा. जनावराने मान खाली घातलेली असताना, आडवं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असतानाच बाण सोडा. मोकळ्या माळावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो. लपणापासूनच्या दगडांची अंतरं सकाळीच मापकाने मोजून ठेवा. घरच्या मैदानात साठ यार्डांवर निशाणा साधत असाल, तरी तिथे तीसच्या पुढे जाऊ नका. माझ्या या मर्यादेला काही अनुभवी शिकारी हसतील. हसू देत.

मांसाची तयारी बाणाआधीची. गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्यांनी भरलेल्या दोन मोठ्या बर्फपेट्या गाडीत हव्यात, त्या सावलीत. जनावर पडलं की फोटोंत वेळ घालवू नका. कातडं लगेच उतरवा, मांड्या आणि खांदे सुटे करा, हवा लागेल अशा कापडी पिशव्यांत घाला आणि थेट बर्फावर न्या. नर की मादी हे ओळखता येईल असा पुरावा मांसासोबत ठेवा, तो टाकून देऊ नका. प्राँगहॉर्नचं मांस उग्र लागतं असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी तापलेलं मांस खाल्लेलं असतं. वेळेत थंड केलेलं मांस खूप चवदार असतं.

माणसासाठीही तेवढीच तयारी लागते. माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, दोन जादा टायर, उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र. सेजब्रशमध्ये बसण्याआधी जमीन बघा, रॅटलस्नेक असतात. दुपारी ढग जमले की लपण सोडून गाडीत बसा, कारण त्या माळावर वीज पडायला दुसरं उंच काही नसतं. गुरांचं फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा.

आणि सर्वांत महत्त्वाचं काम घरबसल्या करायचं आहे. त्या संध्याकाळी रँचवाला आम्हाला म्हणाला, जुलैमध्ये एक फोन केला असता तर मी तेव्हाच हो म्हटलं असतं, नंबरही दिला असता. परवाना हाती आला की पाणवठ्याभोवतीच्या प्रत्येक पांढऱ्या चौकोनाच्या मालकाचं नाव काउंटीच्या नोंदींतून काढा, त्याला नम्रपणे फोन करा आणि जनावर कुंपणापलीकडे गेलं तर आत येऊ का, एवढंच विचारा. त्या भागाच्या वार्डनचा नंबरही तेव्हाच लिहून ठेवा.