व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो तेव्हा

विजेच्या मोटारी आल्या तरी अंबड-घनसावंगीकडे गोदाकाठी डिझेल इंजिने अजून आहेत. ऐन वैशाखात वीज गेली की उसाची पाळी त्यांच्याच जिवावर. हेडचे फेसिंग करून आणले, इंजिन लावले आणि टकटक ठोका सुरू झाला, की मिस्त्री म्हणतो, "पिस्टनला जरा खाच पाडू, झालं काम!" जुन्या व्हॉल्व्हच्या डोक्याला दाते पाडून, तो गाइडमधून ड्रिलने फिरवून घरीच खाच पाडणारेही आहेत. जरा थांबा.

एक्झॉस्ट संपताना पिस्टन अगदी वर असतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतात. जागा अपुरी पडते ती तिथे. सपाट हेड अर्धा मि.मी. घासले की व्हॉल्व्ह तेवढाच पिस्टनजवळ येतो. पण टायमिंग गिअरची खूण एक दात चुकली, टॅपेट फार आवळले, गॅस्केट पातळ पडले किंवा दुसऱ्याच मापाचा पिस्टन गळ्यात पडला, तरी ठोका येतोच. मग खाच पाडून काय साधले?

पारख घरी होते. इंजेक्टर काढा. पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हखाली, तेल लावलेली घट्ट कणीक ठेवा. गॅस्केटसह हेड नेहमीइतके आवळा, टॅपेट लावा, डीकॉम्प्रेशनचा खटका सोडा आणि फ्लायव्हील हाताने सावकाश दोन फेरे फिरवा. अडले तर जोर करू नका. हेड काढून कणीक ब्लेडने कापा, सर्वांत पातळ जागा मोजा आणि इंजिनाच्या पुस्तकातल्या मापाशी ताडून पाहा. पिस्टन आणि हेडमधली जागा शिशाच्या तारेने वेगळी मोजावी.

फेसिंगमुळे व्हॉल्व्ह वर राहिला असेल तर सीट कापून तो मापाइतका आत बसवावा. पिस्टनच हेडला भिडत असेल तर योग्य जाडीचे गॅस्केट, किंवा सिलेंडर वेगळा बसतो त्या इंजिनात बुडाखाली शिम. पिस्टनला हात सर्वांत शेवटी.

डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. ८० मि.मी. बोअर, ११० मि.मी. स्ट्रोक आणि १६.५ला १ दाब असेल, तर वरची जागा जेमतेम ३६ घ.सें.मी. खाचांनी त्यात दोनची भर पडली की दाब १५.७वर येतो, थंडीत इंजिन हँडल मारून मारून दमवते. शिवाय माथा पातळ होतो, धारदार कोपऱ्यातून तडा जातो.

खाच पाडावीच लागली तर लेथवाल्याकडून, माथ्याची जाडी मोजून, मधल्या वाटीला धक्का न लावता, कोपरे गोल करून घ्यावी. दोन सिलेंडरचे इंजिन असेल तर दोन्ही पिस्टन तराजूत सारखे भरले पाहिजेत.